अण्णांच्या उजव्या डोळ्याचा निकाल

यंत्र कधी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो, पंचांग बोलतं, प्रसंगी शाळा तपासायला आलेला अधिकारीही बोलतो. यंत्र बोलत नाही. हे अण्णांनी आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहून, तर्जनी वर करून सांगितलं, तेव्हा टेबलावरच्या यंत्राचा प्लग अजून लावलेला नव्हता.

"प्लग लावू का?" आईने विचारलं.

"थांब. आधी माझं बोलून होऊ दे."

अण्णा म्हणजे माझे वडील, लिगाडे सर. विट्यातल्या एका हायस्कुलात छत्तीस वर्षं नोकरी, त्यातली चौदा मुख्याध्यापक आणि अकरा दहावीच्या परीक्षेचे केंद्रसंचालक. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली होती, तरी आमच्याकडे साधा फणस कापायचा असला तरी त्यांचं प्रास्ताविक होत असे.

यंत्र मिरजेच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलनं दिलं होतं, सहा महिन्यांच्या बोलीवर. वयोमानाने अण्णांच्या डोळ्यांच्या पडद्याची झीज झाली होती, आणि त्यातलाही वाईट प्रकार त्यांच्या वाट्याला आला होता. पडद्याच्या बरोबर मध्यभागी, जिथून माणूस वाचतो, तिथे पाणी साचायचं. डावा डोळा दोन वर्षांपूर्वी असाच गेला. दाराची चौकट वाकडी दिसते म्हणून अण्णांनी सुताराला तीनदा बोलावून घेतलं. चौथ्यांदा सुतारच म्हणाला, "सर, चौकट सरळ आहे. तुम्ही डोळ्याच्या डॉक्टरकडं जावा." तोवर उशीर झाला होता. उरला उजवा. त्यातही पाणी आलं, पण या खेपेला वेळेत सापडलं आणि महिन्याला एक अशी तीन इंजेक्शनं देऊन ते सुकवलं.

इंजेक्शन कुठे, तर डोळ्यात. थेंब टाकून बधिर करतात, दुखत नाही, असं डॉ. कवठेकर मॅडम सांगायच्या आणि ते खरंही असावं. अण्णांची तक्रार दुखण्याची नव्हतीच. सुई येताना दिसते, ही होती. तिसऱ्या वेळी ते टेबलावर उठून बसले आणि मॅडमना म्हणाले, "तुम्ही आधी वर्गाबाहेर जा."

म्हणून हे यंत्र. रोज सकाळी त्याच्या नळीला उजवा डोळा लावायचा, आत एक हिरवी फुली दिसते तिच्याकडे मिनिटभर बघत राहायचं. यंत्र पडद्याचं चित्र घेतं, त्यातली कृत्रिम बुद्धिमत्ता पाणी किती ते मोजते आणि निकाल हॉस्पिटलला आणि माझ्या मोबाइलवर येतो. हिरवा आला तर डोळा कोरडा, इंजेक्शन पुढं ढकललं. लाल आला तर पाणी, ताबडतोब या.

"म्हणजे रोज परीक्षा," अण्णा म्हणाले.

"परीक्षा नाही सर, नुसती देखरेख," यंत्र बसवायला आलेल्या बागवानबाई म्हणाल्या.

"देखरेख परीक्षेतच असते. एरवी कोण कुणाकडं बघतं?"

बागवानबाईंनी आईला नळी पुसायची पद्धत दाखवली, मला मोबाइलवर कुठे काय दिसेल ते सांगितलं आणि चहा घेऊन त्या मिरजेला गेल्या.

पहिले आठ दिवस झकास गेले. अण्णा आंघोळ करून, शर्ट खोचून, आठच्या ठोक्याला नळीसमोर बसत. मिनिटभराने मला हाक येई, "शशी, निकाल?" मी म्हणे, "हिरवा." मग ते दूधवाल्याला, पेपरवाल्याला आणि समोरच्या वाणी वकिलांना हिरव्याची बातमी देत. वाणी वकील हार्दिक अभिनंदन म्हणत. त्यांना वाटत होतं, कसली तरी स्पर्धा चालू आहे.

नवव्या दिवशी पिवळा आला. खाली पाच ओळी इंग्रजी होतं. मला कॉलेजला उशीर झाला होता.

"पिवळा आहे," मी म्हणालो.

"पिवळा म्हणजे काय?"

"म्हणजे... हिरव्याच्या आणि लालच्या मधला."

मी बावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवतो. अशा उत्तरावर आजवर कुणा विद्यार्थ्याने मला अडवलेलं नाही. अण्णांनीही अडवलं नाही. त्यांनी पोह्यांची बशी मात्र बाजूला सारली.

"म्हणजे उद्या लाल," ते म्हणाले.

"असं काही नाही."

"एटीकेटी असते ती. माहीत आहे मला."

दहाव्या दिवशी यंत्र जेवणाच्या टेबलावरून आतल्या खोलीत गेलं. परीक्षेला एकांत लागतो, असं अण्णांचं म्हणणं पडलं. दार लावून घेतलं जाई. आत अण्णा आणि आई. आई कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पर्यवेक्षक नको?"

त्या दिवशी आमच्या कॉलेजात कार्यशाळा होती. माझं भाषण सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील, तोच समोर ठेवलेला मोबाइल थरथरला. यंत्राकडून काहीतरी आलं होतं, शेवटी प्रश्नचिन्ह होतं आणि खाली 'होय' आणि 'नाही' अशी दोन बटणं होती. मी 'होय' दाबलं. मोबाइल माणसाला दिवसातून वीस वेळा काहीतरी विचारतो, आणि 'नाही' म्हटलं की आणखी वीस वेळा विचारतो. मागोमाग निकाल आला. हिरवा. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न आला, मी पुन्हा 'होय' म्हणालो. नंतर त्याने विचारणं सोडून दिलं.

त्यानंतर महिनाभर रोज हिरवा. अण्णांची भूक परतली. सोमवारीसुद्धा ते दोनदा भाजी मागून घेऊ लागले.

सोमवारचं सांगायला हवं. मुख्याध्यापक झाले तेव्हा अण्णांनी नवस फेडायला म्हणून जन्मभराचे सोमवार धरले होते. पहिल्याच सोमवारी अकरा वाजता त्यांचं डोकं दुखायला लागलं आणि त्यांनी चार शिक्षकांना मेमो दिले. तेव्हापासून अण्णांचे सोमवार आई धरते. पुण्य अण्णांच्या नावावर, उपास आईच्या पोटाला. सव्वीस वर्षं असं चाललं होतं. अण्णा त्या दिवशी रोजच्यासारखेच जेवत, फक्त जरा गंभीर चेहऱ्यानं.

अशाच एका सोमवारी लाल आला.

आई साबुदाण्याला दाण्याचं कूट लावत होती. मी मोबाइल अण्णांपुढे धरला. त्यांनी तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"शक्य नाही," ते म्हणाले.

"लाल आहे अण्णा. खाली आकडाही दिलाय. पाणी वाढतंय."

"यंत्र चुकलंय."

"यंत्र कधी खोटं बोलत नाही. तुम्हीच म्हणाला होता."

"खोटं बोलत नाही म्हणालो होतो. चुकत नाही असं म्हणालो नव्हतो." मग ते स्वयंपाकघराकडे वळले. "काय गं, आज नीट बसली होती का..." इथे ते थांबले. "नीट बसली होती का नळी?"

"बसली होती की," आई म्हणाली.

मंगळवारी परत लाल. दहा वाजता हॉस्पिटलचा फोन आला, उद्या सकाळी सरांना घेऊन या, इंजेक्शन द्यावं लागेल. अण्णा दिवसभर झोपाळ्यावर बसून होते. मधूनच त्यांनी मला बोलावलं.

"शशी, त्या यंत्राला कितपत कळतं रे?"

"म्हणजे?"

"म्हणजे पाण्याशिवाय आणखी काय काय कळतं? समोर कोण बसलंय, वगैरे?"

"त्याला डोळा दिसतो अण्णा. तुम्ही मुख्याध्यापक होता हे त्याला माहीत नाही."

त्यांनी मान डोलावली. मला वाटलं, सुईची भीती आहे. होतीच. पण तेवढीच नव्हती.

"हा उजवा गेला तर पेपर वाचणं संपलं," मी म्हणालो. "सहीसुद्धा कुठं करायची ते कुणीतरी बोट धरून दाखवावं लागेल. एका इंजेक्शनासाठी तुम्हाला हे चालणार आहे का?"

"नाही चालणार," अण्णा म्हणाले, आणि उठून आत गेले.

बुधवारी सकाळी मी गाडी काढली. अण्णा पुढे, आई मागे, तिच्या मांडीवर डब्याची पिशवी. तासगाव येईपर्यंत अण्णा रस्त्यातल्या प्रत्येक शाळेविषयी वाईट बोलले. तासगावच्या अलीकडे आई मागून म्हणाली, "तुम्ही काळजी करू नका हो. मशीनच बिघडलंय."

"कशावरून?" मी विचारलं.

"त्यातली फुली वाकडी झालीय."

"तू कधी बघितलीस?"

"पुसताना बघते की. आधी सरळ होती. तीन-चार दिवस झाले, वाकलीय. रोज रोज डोळा लावून सैल झालं असणार. वाटायच्या पाट्याचंही असंच होतं, झिजला की टाकी लावून घ्यावी लागते."

मी हसलो. अण्णा हसले नाहीत. ते हळूहळू मागे वळले.

"वाकडी म्हणजे कशी?"

"वाकडी म्हणजे वाकडी. मोडल्यागत."

"आणि मधला ठिपका? दोन रेघा मिळतात तिथला?"

"तिथं कुठला ठिपका? तिथं डाग आहे. मी पुसला, पण जात नाही."

"शशी, गाडी बाजूला घे."

मी गाडी एका द्राक्षबागेच्या कडेला उभी केली. अण्णा म्हणाले, "मालन, डावा डोळा झाक."

एरवी ते तिला 'अगं' म्हणत. नाव ऐकून तीही जरा दचकली. तिने पदर डाव्या डोळ्यावर धरला.

"तो विजेचा खांब बघ. कसा आहे?"

आईने बघितलं. मग पदर काढून बघितलं. मग परत झाकून.

"अगं बाई," ती म्हणाली. "खांबाला पोट आलंय."

तासगाव ते मिरज अण्णा एक शब्द बोलले नाहीत. मला आठवतं तेव्हापासून हा विक्रम होता. मी मनात म्हणत होतो, आता दोघांचेही डोळे दाखवावे लागणार. त्यापलीकडे मला काही सुचलं नाही. कार्यशाळेतलं माझं भाषण छापून येणार होतं, थोडं लक्ष तिकडे होतं.

हॉस्पिटलात अण्णांचं नाव पुकारलं. नर्सबाईंनी त्यांच्या उजव्या डोळ्यात बधिर करायचे थेंब टाकले, डोक्यावर हिरवी टोपी चढवली आणि खुर्चीत बसवलं. मी आणि आई शेजारी उभे. डॉ. कवठेकर आल्या, त्यांनी समोरचा पडदा सुरू केला. पडद्यावर घरच्या यंत्राने पाठवलेलं काळ्या-करड्या थरांचं चित्र होतं, आणि मधोमध एक लहानसा काळा बुडबुडा.

"हे बघा सर, हे पाणी. लवकर सापडलं. घाबरू नका, दोन मिनिटांचं काम आहे."

अण्णा टोपीसकट उभे राहिले.

"मॅडम, एक मिनिट. हा पेपर माझा नाही."

"कुठला पेपर?"

"गेल्या पाच आठवड्यांचा." त्यांचा आवाज प्रार्थनेच्या वेळी लागायचा तसा लागला होता. "मी अकरा वर्षं केंद्रसंचालक होतो. तेवढ्यात तीन डमी पकडले. दोघांना पोलिसांत दिलं. तिसरा फार रडला म्हणून सोडला. चौथा," त्यांनी आईकडे बोट केलं, "हा."

आई डब्याची पिशवी छातीशी धरून उभी होती.

मॅडमनी एकदा अण्णांकडे, एकदा आईकडे पाहिलं. "म्हणजे रोज यांनी डोळा लावला?"

"पिवळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून," अण्णा म्हणाले. "हिचे डोळे चांगले, ही सुईत दोरा ओवते, म्हणून मी... आणि लाल आला तेव्हा वाटलं, यंत्रानं डमी पकडला. त्याची शिक्षा म्हणून लाल दिलाय. हिच्या डोळ्यात खरंच पाणी असेल असं मनातही आलं नाही."

"आजी, तुम्ही तरी कशाला बसलात?"

"आता यांना सुईचं भ्या वाटतं," आई म्हणाली. "यांचे सोमवार मीच धरते की. महादेवानं सव्वीस वर्षांत कधी विचारलं नाही, पोट कुणाचं म्हणून. हे मशीन कशाला विचारतंय?"

मॅडमनी पडद्यावर काहीतरी मागे सरकवलं.

"विचारलं होतं," त्या म्हणाल्या. "दहाव्या दिवशी आणि अकराव्या दिवशी. 'हा डोळा आधीच्या डोळ्याशी जुळत नाही. समोर तीच व्यक्ती आहे का?' दोन्ही वेळेला तुमच्या घरून उत्तर आलंय, होय."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. आईनेही पाहिलं, दोन्ही डोळ्यांनी.

"मी तेव्हा भाषण करत होतो," मी म्हणालो.

"कशावर?" मॅडमनी विचारलं.

"'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मानवी जबाबदारी'."

मॅडमनी मान हलवली. नर्सबाई ट्रे आवरण्याच्या निमित्ताने पाठमोऱ्या झाल्या.

अण्णांच्या डोक्यावरची टोपी आईच्या डोक्यावर गेली. तिचे डोळे हॉस्पिटलच्या मोठ्या मशीनवर तपासले. उजव्यात पाणी होतं, घरच्या यंत्राने सांगितलं होतं तेवढंच. डावा ठणठणीत होता, त्यामुळे तिला पत्ता लागला नव्हता. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईटाची बाजू सावरून घेतो. "तुम्ही आपणहून केव्हा आला असता?" मॅडमनी तिला विचारलं. आई म्हणाली, "मला काय धाड भरली होती? कशाला आले असते?" मॅडम म्हणाल्या, आणखी दोन महिने असेच गेले असते तर सरांच्या डाव्याची गत झाली असती.

इंजेक्शन तिथल्या तिथे द्यायचं ठरलं. अण्णा म्हणाले, मी आत थांबतो. मॅडम म्हणाल्या, थांबा, पण बोलायचं नाही. ते थांबले आणि बोलले नाहीत. दारावरच्या काचेतून मला दिसत होतं, त्यांनी आईचा हात धरला होता आणि तोंड भिंतीकडे केलं होतं.

दहा मिनिटांनी आई बाहेर आली. उजव्या डोळ्यावर पट्टी.

"झालं?" मी विचारलं.

"झालं की. मुंगी चावल्यागत."

"सुई दिसली?" हे अण्णा.

"दिसली तर. बारीक आहे. मला वाटलं होतं, गोधडीची असेल." मग एका डोळ्याने तिने त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं. "एवढ्यासाठी महिनाभर मला आतल्या खोलीत कोंडलंत होय?"

 अण्णांचा स्वतःचा निकाल अजून बाकी होता. पाच आठवडे त्यांच्या उजव्या डोळ्यात कुणीही डोकावलेलं नव्हतं. मोठ्या मशीनसमोर ते हनुवटी टेकवून बसले, तेव्हा त्यांचे हात गुडघ्यांवर होते. मी शेजारी होतो. मला म्हणाले, "जे असेल ते असू दे. मी कॉपी केली आहे."

मॅडमनी चित्र मोठं करून पाहिलं, मग आणखी मोठं केलं.

"कोरडा आहे."

"काय?"

"डोळा कोरडा आहे सर. थेंबभर पाणी नाही. इंजेक्शनची गरज नाही."

"पण मग तो पिवळा?"

"पिवळा पाण्याचा नव्हताच. डोळा हलला की चित्र पुसट येतं. 'चित्र नीट आलं नाही, कृपया पुन्हा काढा,' एवढंच होतं. खाली पाच ओळींत तेच लिहिलेलं असतं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. ते छत्तीस वर्षं ज्या नजरेने मागच्या बाकाकडे पाहत आले होते, तीच नजर होती. मी बुटांकडे पाहिलं.

"म्हणजे मीच बसलो असतो तर?" त्यांनी विचारलं.

"तर रोज हिरवा आला असता."

"आणि हिचं?"

 मॅडम पुढच्या पेशंटचा कागद बघत होत्या.

येताना गाडीत आईने डबा उघडला. धपाटी होती. पहिलं तिने अण्णांच्या हातावर ठेवलं, तर ते म्हणाले, "तू आधी खा." तिने खाल्लं. खाता खाता म्हणाली, खांब अजून वाकडाच आहे. अण्णा म्हणाले, वेळ लागतो, मला तीन इंजेक्शनं लागली होती. पहिल्यांदाच ते इंजेक्शनाविषयी अनुभवी माणसासारखे बोलले.

दुसऱ्या दिवसापासून यंत्रात दोन नावं आणि आई-अण्णा असे दोन उमेदवार झाले. यंत्र पुन्हा जेवणाच्या टेबलावर आलं. आई बसली की अण्णा मागे हात बांधून उभे राहत आणि "डोळा हलवू नको" म्हणत. अण्णा बसले की आई काहीच म्हणत नसे. पुढच्या सोमवारी अण्णांनी जाहीर केलं, आजपासून माझे सोमवार मी धरणार. अकरा वाजेपर्यंत धरला.

आईचा खांब चौथ्या इंजेक्शनानंतर सरळ झाला. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. दोघांनाही पेपर वाचता येतो, आणि कुणी आधी वाचायचा यावरून रोज सकाळी भांडण होतं.

सहा महिने भरले तेव्हा बागवानबाई येऊन यंत्र घेऊन गेल्या. जाताना छापील अहवाल दिला. यंत्रात एकदा झालेली नोंद बदलता येत नाही, असं त्या म्हणाल्या, त्यामुळे आईच्या डोळ्याचे ते पाच आठवडे अण्णांच्याच नावावर होते. शेवटच्या पानावर शेऱ्यांचा तक्ता होता. रुग्णाचं सहकार्य: उत्तम. कुटुंबीयांचा प्रतिसाद: तत्पर.